दिवाळीआधी, पालकांना आणि कुत्रा पाळणाऱ्यांना

भाद्रपदात गल्लोगल्ली कुत्र्यांचा जो धिंगाणा चालतो, त्याचा हिशेब कार्तिकात समोर येतो. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमारास कुठे झाकून ठेवलेल्या गाडीखाली, कुठे जिन्याखालच्या अडगळीत, कुठे बंद पडलेल्या टपरीच्या आडोशाला कुत्री व्यालेली असते. तिची सगळ्यात आवडती जागा म्हणजे बांधकामाशेजारचा वाळूमातीचा ढीग. आणि किल्ल्यासाठी माती आणायला मुलं जातात ती नेमकी त्याच ढिगाकडे. सहा वर्षांचं मूल उकिडवं बसून, मान खाली घालून माती उकरू लागलं की त्याचा चेहरा कुत्रीच्या तोंडाच्या उंचीवर येतो.

म्हणून हे आवाहन सुट्टी लागायच्या आत करायचं होतं.

आज संध्याकाळी टॉर्च घेऊन आपल्या इमारतीभोवती, वाड्याभोवती, वस्तीभोवती एक फेरी मारा. पिल्लं दिसली तर ती उचलून दुसरीकडे नेऊन टाकू नका. पिल्लं हरवलेली आई ती शोधत दिवसभर त्याच आवारात सैरभैर फिरते आणि जो वाटेत येईल त्याच्या अंगावर जाते. जुना दरवाजा, बाकडं, दोरी, जे हाताशी असेल त्याने तो कोपरा बंद करा आणि आवारातल्या प्रत्येक मुलाला तिथे नेऊन लांबून दाखवा की इथे यायचं नाही. काल तुमच्या हातची पोळी खाणारी कुत्री आज तीच राहिलेली नसते, हेही सांगा. किल्ल्याची माती यंदा मोठ्या माणसाने आणून द्यावी. मुलांची थोडी मजा जाईल. जाऊ द्या.

मुलावर कुत्रा धावून गेला की आपल्याकडे पहिला प्रश्न कुत्र्याबद्दल विचारला जात नाही, मुलाला विचारला जातो: ‘तू काय केलंस? दगड मारला असशील.’ बऱ्याचदा मुलाने काहीच केलेलं नसतं. ते पळालं असेल, सायकलवरून गेलं असेल, हातात करंजी घेऊन उभं असेल. मोठ्या माणसाला ही कारणं वाटत नाहीत, कुत्र्याला एवढी पुरतात. आणि कुत्रा पिसाळलेला असला तर त्याला तेवढंही कारण लागत नाही. मुलाची उलटतपासणी घेण्याची ही सवय जिवावर बेतते. सप्टेंबर २०२३ मध्ये गाझियाबादमध्ये आठवीतला चौदा वर्षांचा मुलगा रेबीजने गेला. त्याला कुत्रा चावून महिना उलटून गेला होता. घरचे रागावतील म्हणून त्याने सांगितलंच नव्हतं. त्याला पाण्याची भीती वाटू लागली तेव्हा घरच्यांना कळलं, आणि तोवर जगातल्या कुठल्याही डॉक्टरच्या हातात काही उरलं नव्हतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी वाचत नाही. वाचल्याची उदाहरणं आहेत, पण इतकी तुरळक की त्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. लक्षणं दिसण्याआधी मात्र लस आणि सिरम वेळेवर आणि नीट दिलं तर हा रोग जवळजवळ नेहमीच अडवता येतो. चावा आणि पहिलं लक्षण यांच्यामध्ये बहुतेकदा एक ते तीन महिने असतात. मुलाने गप्प राहून घालवू नये, असा हा वेळ.

तेव्हा आज रात्री जेवताना मुलांना एवढंच सांगा: कुत्रा, मांजर, माकड, कुणीही चावलं, ओरबाडलं, जखमेवर चाटलं, तर येऊन सांगायचं. कुणी ओरडणार नाही. दगड मारला असला तरी ओरडणार नाही. फाटलेल्या चड्डीबद्दल आणि हरवलेल्या चपलेबद्दलही ओरडणार नाही. आणि हे सांगितल्यावर खरोखरच ओरडू नका. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तेल-उटणं लावताना मुलाच्या पोटऱ्या, मांड्या, पाठ नीट बघून घ्या. डोळ्यांत झोप असते, बाहेर फटाके वाजत असतात, सगळ्यांना घाई असते, तरीही बघा. पोटरीवर दोन बारीक टोचल्यासारख्या खुणा असतील तर फराळाचं ताट बाजूला ठेवून विचारा.

चावा दिसला की सगळ्यात आधी नळ आणि साबण. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, मूल रडतं, आजी म्हणते पुरे आता. पुरे नाही. विषाणू जखमेत असतो आणि मज्जातंतूत शिरायच्या आत त्यातला बराचसा धुऊन काढता येतो. घरच्या घरी करता येण्यासारखं याहून मोठं काम दुसरं नाही. त्यानंतर घरात पोव्हिडोन आयोडीन असेल तर ते लावा. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफीची पूड यांपैकी काहीही जखमेत भरू नका. मंत्र, उतारा, गंडा हेही नको. घट्ट पट्टी बांधू नका. मग मुलाला उचला आणि निघा. ‘उद्या लक्ष्मीपूजन आहे, परवा बघू’ असं करू नका. दवाखाने दिवाळीत कमी माणसांवर चालतात, म्हणून तर आधी निघायचं.

हॉस्पिटलमध्ये गेल्यावर एक प्रश्न विचारायला विसरू नका: ‘सिरम देणार ना?’ रक्त आलेला प्रत्येक चावा किंवा ओरखडा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत मोडतो आणि त्याला नुसती लस पुरत नाही. लस शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करायला लावते, आणि त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. मधल्या दिवसांत राखण करतं ते सिरम. ते जखमेतच आणि जखमेभोवती टोचावं लागतं. मुलाला दुखतं, पाहवत नाही, पण दंडात एक सुई टोचून हे काम होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातली पाच वर्षांची मुलगी लस घेऊनही गेली. तिच्या डोक्यावर चावे होते. ही बातमी वाचून लस बिनकामाची असं कुणी म्हणू लागलं तर त्याला थांबवा. डोकं, चेहरा, मान इथून मेंदू जवळ असतो, विषाणूला चालायचं अंतर कमी असतं, म्हणून तिथल्या जखमेला तासांचा हिशेब असतो. आणि लहान मुलांना कुत्रे चावतात ते बऱ्याचदा तिथेच, कारण मुलं बुटकी असतात.

सिरम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही. ते ग्रामीण रुग्णालयात आहे की उपजिल्हा, की जिल्हा रुग्णालयात, की महापालिकेच्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये, हे आजच फोन करून विचारा आणि सोसायटीच्या, गावाच्या, शाळेच्या ग्रुपवर टाका. शुभेच्छांची चित्रं तिथे पडतातच, त्यांच्यामध्ये एक हाही मेसेज असू द्या. सरकारी हॉस्पिटलमध्ये ही लस फुकट मिळते. आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती ज्यांच्या मनात अजून आहे त्यांना सांगा की ती लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडावर, कातडीत, अगदी थोडी लस देतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. खासगी दवाखान्यात स्नायूत देतात, त्याचं वेळापत्रक वेगळं असतं. कुत्रा दहा दिवस जिवंत राहतो का ते बघू आणि मग लस घेऊ, असं मात्र करू नये. लस सुरू करायची आणि कुत्र्यावर नजर ठेवायची, या क्रमाने.

आता ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्याशी.

‘घाबरू नका, आमचा काही करत नाही!’ हे वाक्य साखळी ताणणाऱ्या कुत्र्यामागून किती वेळा ऐकलं असेल. तुमचा खरंच काही करत नसेल. तुमच्या मुलांना. ज्या कुत्र्याचं कौतुक आपण ‘घरावर जीव लावतो, परक्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही’ असं करतो, त्याच्या दृष्टीने भाऊबीजेला आलेली तुमच्या बहिणीची तीन वर्षांची मुलगी परकीच असते. घरात पंधरा माणसं, बाहेर सुतळी बॉम्ब, स्वयंपाकघरात तळणीचा वास, कुत्रा सकाळपासून कानकोंडा झालेला, आणि ती मुलगी हातात चकली घेऊन त्याच्या ताटलीशी जाऊन बसते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण टाके त्या मुलीच्या ओठाला पडतात. पाहुणे यायच्या दिवशी कुत्र्याला वेगळ्या खोलीत ठेवा, दार लावा, आणि चावी मोठ्या माणसाकडे ठेवा. त्याला वाईट वाटेल म्हणून कुणी रागावलं तर रागावू द्या. फटाक्यांना घाबरून पळून जाणारा कुत्राही याच रात्रींमध्ये हरवतो, तेव्हा बंद खोली त्याच्याही हिताची.

ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजुणे इथे सात वर्षांच्या मुलाचा पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात जीव गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींवर बंदी घाला असं पत्र राज्यांना धाडलं होतं, आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जातीचा वाद कोर्टात चालेल तितका चालो. पन्नास किलोचं जनावर बाळगायची ताकद आणि अक्कल आपल्याकडे आहे का, हे ठरवायला कोर्ट लागत नाही. जिना, लिफ्ट, गेट, या अरुंद जागांमध्ये आखूड पट्टा, मोठ्या कुत्र्याला मुसकं, आणि पट्टा शाळकरी पोराच्या हातात द्यायचा नाही. महापालिकेचा परवाना आणि वर्षाची रेबीजची लस तर हवीच. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पाळीव जनावर मुलाला वाचवतं हेही खरं. मे २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये चार वर्षांचा मुलगा घरासमोर छोट्या सायकलवर खेळत होता. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने मागून येऊन त्याचा पाय धरला आणि त्याला फरफटवलं. मुलाच्या घरची तारा नावाची मांजर कुठून तरी झेपावली आणि तिने कुत्र्याला धडक देऊन हुसकावलं. घराच्या कॅमेऱ्यातलं ते चित्रण कोट्यवधी लोकांनी पाहिलं, आपल्याकडेही ते फोनवरून फिरलं, पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या प्राणिमित्र संस्थेने शूर कुत्र्यासाठीचा पुरस्कार त्या मांजरीला दिला. मांजर भारीच होती, वादच नाही. पण त्या चित्रणात मला मांजरीआधीची सेकंदं जास्त दिसतात. मुलाच्या पायाला टाके पडले, कुत्र्याला पुढे मारण्यात आलं. हे सगळं टाळायला मांजर लागत नव्हती.

आपल्या गावातही असे कुत्रे-मांजरी असतात. परक्या कुत्र्याला अडवायला घरचा मोती मध्ये पडतो, लांब हाकलून लावतो, रक्ताळलेल्या कानाने परत येतो आणि मुलं त्याच्या गळ्यात पडतात. नेमकं हेच होऊ द्यायचं नाही. त्याच्या केसांवर परक्या कुत्र्याची लाळ असते, त्याच्या जखमेत कदाचित रेबीज असतो, आणि मुलाच्या गुडघ्याची सालपटं निघालेली असतात. मुलांना लांब ठेवा, हातमोजे घालून त्याची जखम साबणाने धुवा, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. आधी लस झालेली असली तरी पुन्हा टोचून घ्यावी लागते, आणि पुढचे कित्येक आठवडे त्याच्या वागण्यावर डोळा ठेवावा लागतो. त्याला लसच दिलेली नसेल तर गोष्ट फारच गंभीर, ते पशुवैद्य सांगतील तसं करा. मांजरीलाही रेबीज होतो. अंगणातली मांजर ‘आपली’ म्हणून दूध पाजत असाल तर तिलाही लस द्या.

मुलांना शिकवायचं ते खेळातून शिकवता येतं. ‘स्टॅच्यू’ सगळ्यांना येतो. कुत्रा अंगावर आला की स्टॅच्यू: पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात अंगाशी, नजर जमिनीकडे, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. तो वास घेऊन निघून गेला की हळूहळू मागे सरकायचं. खाली पडलंच तर पोटाशी गुडघे घेऊन गोळा व्हायचं, दोन्ही हातांनी कान आणि मान झाकायची. दप्तर, छत्री, सायकल मध्ये धरायची. चार संध्याकाळी खेळून घ्या, अंगवळणी पडतं. मोठ्यांसाठी एकच सूचना: कुत्र्याने मुलाला धरलं असेल तर मुलाला ओढू नका, मांस फाटतं. कुत्र्यावर चादर, पाण्याची बादली, जे मिळेल ते टाका.

पण टोळी असली की स्टॅच्यूचा उपयोग फारसा होत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या अंबरपेठ भागात चार वर्षांचा मुलगा वडिलांच्या कामाच्या ठिकाणी खेळता खेळता एकटा पडला आणि कुत्र्यांच्या टोळीने त्याचा जीव घेतला. वडील तिथे वॉचमन होते. जून २०२३ मध्ये केरळच्या कन्नूर जिल्ह्यात अकरा वर्षांचा मुलगा असाच गेला, त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून हाकही मारता आली नाही. दोघंही एकटे होते. हे आवाहन वाचणाऱ्यांच्या मुलांपेक्षा जास्त धोका ज्यांना आहे ती मुलं वॉचमनच्या खोलीत, बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या तळांवर पडणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांमध्ये असतात. आईबाप पहाटे फडात, मागे पाच वर्षांची बहीण दीड वर्षाच्या भावाला सांभाळते. कारखान्यांनी आणि मुकादमांनी निदान तळावर एक माणूस मुलांपाशी ठेवावा, उष्टं-खरकटं कोपीजवळ पडू देऊ नये, आणि चावा झाला तर हॉस्पिटलला न्यायला गाडी द्यावी. खाडा धरून पैसे कापू नयेत.

आता सोसायट्या आणि नगरपालिका. संसदेत दिलेल्या आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या ४ लाख ८५ हजारांच्या आसपास महाराष्ट्रातल्या. एवढं होऊनही आपल्या बैठका ‘कुत्रेप्रेमी’ विरुद्ध ‘कुत्रेद्वेष्टे’ या भांडणातच संपतात. हे भांडण जुनं आहे. १८३२ मध्ये इंग्रजांनी मुंबईत भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाजाने रस्त्यावर उतरून शहर बंद पाडलं होतं. दोनशे वर्षांत आपण फार पुढे आलोय असं वाटत नाही. विषाचे लाडू टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो गुन्हा आहे, आणि लस झालेली कुत्री मेली की त्यांच्या जागी शेजारच्या भागातली, लस न झालेली येतात. खायला घालणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं की भटक्या कुत्र्यांबाबतच्या २०२३ च्या केंद्रीय नियमांत खायला घालायची जागा मुलांच्या खेळाच्या मैदानापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असावी आणि मुलांच्या वर्दळीची वेळ टाळावी असं लिहिलेलं आहे. गेटपाशी भात ओतून निघून जाणं ही भूतदया नाही. ज्याला खायला घालायचं आहे त्याने त्या कुत्रीच्या नसबंदीसाठी गाडी बोलवायची, पकडताना हजर राहायचं. तुमच्यावरच तिचा विश्वास असतो, तुमच्याशिवाय ती सापडत नाही.

गोव्याने हे करून दाखवलं आहे. तिथे सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी वर्षानुवर्षं गावोगाव जाळी घेऊन कुत्री पकडून लस टोचली, शाळांमध्ये मुलांना शिकवलं, चाव्यासाठी फोन नंबर दिला. माणसांतले रेबीजचे मृत्यू शून्यापर्यंत खाली आले, आणि २०२१ मध्ये राज्याने स्वतःला रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस झाली की साखळी तुटते. आपल्या नगरपालिकेला विचारा, आपल्याकडे सत्तर झाली का? कानाला खाच असलेली कुत्री मोजा. खाच म्हणजे नसबंदी झाली, लस एकदा टोचली. पण लस दरवर्षी लागते, खाच तेवढीच राहते. शाळा आणि हॉस्पिटलांसाठी तर सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी स्पष्टच सांगितलं की तिथली भटकी कुत्री हलवा, पुन्हा त्याच जागी सोडू नका, कुंपण घाला. तुमच्या मुलाच्या शाळेच्या कुंपणाला भगदाड असेल तर सुट्टीतच मुख्याध्यापकांना आणि वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शाळा उघडल्यावर कुणाला वेळ नसतो.

आणि ज्या घरात या सुट्टीत चावा होईल त्यांच्यासाठी: तिसरा आणि सातवा दिवस बहुधा गावाला, मामाकडे असताना येईल, अठ्ठाविसावा शाळा सुरू झाल्यावर. केस पेपर फोटो काढून फोनवर ठेवा आणि मूळ कागद सोबत न्या. पुढचा डोस कुठल्याही सरकारी रुग्णालयात मिळतो, पहिला डोस जिथे घेतला तिथेच परत यावं लागत नाही. तारखा कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवा.